दोन्ही अंगांनी धुतलेली तुती

पंचफुलाला अर्धवट धुतलेलं काही चालत नसे. भांडं आतून जेवढं लख्ख, तेवढंच बुडाकडूनही. चुलीवरच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, काळं बूड ती राखेनं इतकं घासत बसायची की सासू बाजेवरून म्हणायची, "अवं, बुडाले कोण पाहते?" पंचफुला मान वर न करता म्हणायची, "मले दिसते ना, आत्याबाई."

सासू गेली, चुलीच्या जागी गॅस आला, गंजाचं बूड काळं व्हायचं थांबलं, पण सवय गेली नाही. विहारातल्या सतरंज्या धुवायच्या निघाल्या की बायका म्हणायच्या, पंचफुलाले बोलवा, ते दोन्हीकून धुते. बुद्धमूर्तीपुढचं मेणबत्त्यांचं तबक दर पौर्णिमेला तिच्याच हातून निघायचं. त्यावर मेणाचा एक ठिपका राहिला तरी तिचं वंदनेत लक्ष लागत नसे. वंदना तीच सांगायची. आवाज खणखणीत होता, आणि पंचशील घेताना ती एकेक शील असं म्हणायची, जणू समोर कोणी उभं आहे आणि त्याला शब्द देते आहे.

माहेर तिचं वडनेर भोलजीचं. लग्न होऊन आली ती चिंचखडीत. हे गाव दुसरबीड आणि साखरखेर्डा यांच्या मधल्या टापूत, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. त्याच उन्हाळ्यात मुबीनाही बद्रुद्दीनची नवरी म्हणून गावात आली. दोघींची शेतं एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. बद्रुद्दीन बकऱ्यांच्या व्यापारात, आज या बाजारात तर उद्या त्या, म्हणून ते शेत मुबीनाच्या अंगावर पडलं. पंचफुलाचा दयाराम गवंडीकामाला कायम शहरात, म्हणून हे शेत पंचफुलाच्या अंगावर. दुपारी दोघी धुऱ्यावरच्या बोरीखाली भाकरीची फडकी सोडायच्या.

"पंचे, हे भाजीत तिखट हाय का तिखटात भाजी?"

"खाय चुपचाप. तुह्या वांग्यात तर मीठ बी नाही. पाण्यात बुडवून आणले का?"

पंचे. गावात दुसरं कोणी तिला असं म्हणत नव्हतं, कोणाची तशी टापही नव्हती. पंचफुला तिला मुबे म्हणायची.

ईदला मुबीनाच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. भीमजयंतीला पंचफुलाच्या घरून लाडवांचा जायचा. डबा रिकामा परत धाडायचा नाही हा दोघींच्या घरचा रिवाज. घरात काहीच नसलं तरी तळाशी चिमूटभर साखर किंवा ओंजळभर शेंगा टाकूनच तो परत जायचा. मुलं मोठी झाली, मुबीनाची महनूर मेहकरला नांदायला गेली, पंचफुलाची धम्मशीला चिखलीला नर्सिंग शिकायला गेली, तरी त्या डब्यांची ये-जा थांबली नव्हती.

मग टेकडीवर खदान आली आणि पायथ्याशी गिट्टीचा क्रशर बसला. दिवसभर दगड भरडला जायचा आणि राखेच्या रंगाची बारीक भुकटी वाऱ्यासोबत उतरून येई. वाळत घातलेल्या पापडांवर ती बसायची, म्हशीच्या पाठीवर बसायची, आणि संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की खालून चिखलासारखा ओघळ निघायचा.

कंपनीचा कारभार मात्र टापटिपीचा होता. फाट्यापासून क्रशरच्या गेटपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तिनं करंज, कडुनिंब आणि बांबू लावला. त्याला 'हरित पट्टा' अशी पाटी लावली, आणि गावातल्या काही बायकांना त्या झाडांच्या कामावर घेतलं. डोक्यावर हिरवी टोपी, पाठीवर फवारणीचा पंप. पंचफुला त्यांची मुकादम झाली. दुसऱ्याच्या वावरात उन्हात निंदायला जाण्यापेक्षा हे काम सावलीतलं होतं, आणि दर महिन्याला पैसे हातात पडत होते. त्यात वाईट काय होतं?

झाडांना पाणी देणं हे रोजचं काम. त्याखेरीज एक काम होतं, त्याला बायका आपसात 'धुवणी' म्हणायच्या. जिल्ह्याहून किंवा मुंबईहून साहेबलोक येणार असले की आदल्या दिवशी टँकर यायचा, आणि या बायका झाडांची पानं धुवायच्या. वरून सुरुवात करायची, म्हणजे भुकटीचा ओघळ खालच्या पानांवर उतरतो, मग खालची धुवायची. दुसऱ्या दिवशी क्रशर बंद, रस्ता ओला, पानं तुकतुकीत. साहेबलोक गाडीची काच खाली करून फोटो काढायचे.

प्रज्वल नावाचा पुण्याकडचा पोरगेलासा साहेब कंपनीचा पर्यावरण अधिकारी होता. अदबीनं बोलायचा, सगळ्या बायकांना मावशी म्हणायचा. पहिल्याच धुवणीला त्यानं सांगितलं होतं, "रस्त्याकडची बाजू तेवढी धुवा मावशी. मागून कोण बघतंय?"

पंचफुलाला सासू आठवली. आपल्या वाटणीची झाडं तिनं मागूनही धुतली. सोबतची अन्नपूर्णाबाई हसायला लागली. "तुले काय झाडाले आंघोळ घालाची हाय का लग्नाची हळद काढाची हाय वं?"

"अर्धीच धुवाची तर मंग धुवाची कायले," पंचफुला म्हणाली.

आता इथं मुबीनाच्या तुतीबद्दल सांगायला हवं. तीन-चार वर्षांपूर्वी मुबीनानं कापूस सोडून तुती लावली, शेताच्या कडेला शेड उभारलं आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. अळ्या मोठ्या नाजूक. त्यांना तुतीचा पाला ताजा लागतो आणि तो स्वच्छ लागतो. मुबीना शेडमध्ये शिरताना पाय धुवायची, तोंडाला पदर बांधायची, आणि आत गेली की हळू बोलायची, जसं कोणी बाळंतिणीच्या खोलीत बोलतं. कोश झाले की बद्रुद्दीन ते जालन्याच्या बाजारात घेऊन जायचा. पहिल्या कोशांच्या पैशांतून मुबीनानं पंचफुलाला बांगड्या आणल्या होत्या. "रेशमी लुगडं कुठून आणू वं पंचे? एवढ्यावर भागव."

क्रशरचं दुसरं यंत्र बसलं आणि तुतीची पानं राखुंडी दिसायला लागली. त्या हिवाळ्यात अळ्यांनी पाला खायचं सोडलं. त्या मऊ पडल्या, काळवंडल्या, आणि मुबीनानं त्या घमेल्यांत भरून खड्ड्यात टाकल्या. पंचफुला तेव्हा तिच्यासोबत होती. मुबीना रडली नाही. खड्डा बुजवून झाल्यावर कंबरेवर हात ठेवून क्रशरकडं पाहत उभी राहिली, मग पंचफुलाच्या डोक्यावरची हिरवी टोपी तिला दिसली, आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

त्यानंतर मुबीनानं जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार केली. पंचफुलाला तिनं हे सांगितलं नाही. का नाही, ते पुढं येईल.

जानेवारीतली गोष्ट. साहेबलोक येणार म्हणून टँकर आला. मुबीना तेव्हा मेहकरला होती, महनूर बाळंत झाली होती. शेड रिकामं होतं, तुती तशीच उभी होती. दुपारी हरित पट्ट्याची धुवणी उरकत आली तेव्हा प्रज्वल मोटरसायकलवरून आला.

"मावशी, टँकरमध्ये पाणी उरलंय. वाया कशाला घालवायचं? मुबीनाकाकूंची तुती धुवून टाकता का? शेजारधर्म म्हणून. त्यांचं नुकसान झालंय, मला वाईट वाटतं."

पंचफुलाला त्या पोराच्या तोंडावरून हात फिरवावासा वाटला. एवढा शिकलेला, आणि त्याला मुबीची आठवण. तिनं दोघी बायकांना सोबत घेतलं, टँकरचा पाइप धुऱ्यावरून आत ओढला. त्या दोघींनी एक सरी कशीबशी ओली केली तेव्हा पंचफुलानं त्यांना बाजूला केलं.

"सरका बाप्पा. अळीच्या पोटात जाणार हाय हे. खालून बी धुवा लागते."

तिनं ओळीनं प्रत्येक झाडाची फांदी वाकवली, पानांच्या वरून पाणी मारलं, पानं उलटी करून खालून मारलं. तळहातानं पुसली. ऊन उतरलं तरी ती थांबली नाही. बाकीच्या घरी गेल्या. राखुंडी पाणी सऱ्यांमधून वाहिलं, चपलांसकट तिचे पाय त्यात घोट्यापर्यंत बुडाले. शेवटचं झाड धुऊन झाल्यावर तिनं धुऱ्यावर उभं राहून मागं पाहिलं. तुती अशी हिरवी झाली होती जशी मुबीनं लावली त्या साली होती. पंचफुलाला वाटलं, उद्या मुबी येईल, पाहील, आणि म्हणेल, पंचे, हे कोण केलं वं? आपण सांगायचं नाही. तिला ओळखू द्यायचं. असा आनंद तिला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता. घरी जाऊन तिनं मूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबीना एसटीतून फाट्यावर उतरली ती थेट शेतात आली. मागोमाग सरकारी जीप आली. जीपमधून अर्पिता मॅडम उतरल्या. तपासणीला आलेल्या तरुण अधिकारी, हातात पांढरे हातमोजे. सरपंच किसनराव आले, प्रज्वल आला, गावातली दहा माणसं जमली. पंचफुला हरित पट्ट्यात पंप घेऊन उभी होती. तिलाही प्रज्वलनं हाक मारली, "मावशी, या ना तुम्ही पण."

ती धुऱ्यावर येऊन उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आजचे साहेब मुबीनाच्या तक्रारीवर आलेले आहेत.

मुबीना पुढं होती. पदर खोचलेला, आवाज मोकळा. "या मॅडम. मी काही बोलत नाही. तुमी फकस्त पानाले हात लावा. हात लावून पाहा म्हंजे झालं."

मॅडमनी हातमोजा घातला आणि पान चिमटीत धरून चोळलं. मोजा पांढराच राहिला.

मुबीनानं पुढच्या झाडाची फांदी वाकवली. "हे पाहा." मॅडमनी पाहिलं. मोजा पांढरा. मुबीना तिसऱ्या सरीत गेली, चौथ्या सरीत गेली. तिनं पान उलटं केलं, कारण भुकटी पानाच्या खालच्या लवेत रुतून बसते, ती पावसानंही जात नाही, हे तिला माहीत होतं. खालची बाजूही स्वच्छ होती.

धुऱ्यावर कोणीतरी हसलं. किसनराव म्हणाले, "मुबीनाभाभी, लय दूरचे पाव्हणे बोलावले तुमी. च्या तरी पाजा मंग."

"काकूंचा गैरसमज झाला असेल," प्रज्वल हळूच म्हणाला. "अळ्यांना रोग पण पडतात, मॅडम."

अर्पिता मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर हिरव्या टोपीवर थांबली. "मावशी, तुम्ही रोज इथंच असता ना? तुम्ही सांगा. धूळ येते का इकडं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं, चार शब्दांचं. पानं मी धुतली काल. पंचफुलाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण प्रज्वल तिच्याकडं पाहत होता, रागानं नव्हे, मायेनं, आणि मागं अन्नपूर्णाबाई आणि बाकीच्या टोप्या उभ्या होत्या. शिवाय दुसरंही काही होतं, आणि ते तिला नंतर कित्येक दिवस स्वतःशीसुद्धा कबूल करता आलं नाही. मुबीला एवढ्या माणसांत खोटं पाडणारा हात आपला आहे, हे आपल्या तोंडानं सांगायची तिला लाज वाटली. त्या लाजेपायी ती त्याहून लाजिरवाणं बोलली.

"आमी रोडावर पाणी मारतो ना मॅडम," ती म्हणाली. "तेवढी काही येत नाही."

मुबीनानं हातातली फांदी सोडली. ती पंचफुलाच्या तोंडाकडं पाहत नव्हती, खाली पाहत होती. पंचफुलाच्या चपलांवर राखुंडी चिखल वाळून पापुद्र्यासारखा चिकटला होता. तोच चिखल सऱ्यांमध्येही वाळलेला होता, पण तो पाहायला कोणी खाली वाकलं नाही. मुबीनानं चपलांकडं पाहिलं, मग सऱ्यांकडं, मग पुन्हा चपलांकडं.

जीप निघून गेली. माणसं पांगली. पंचफुला धुऱ्यावरच उभी होती. मुबीना मेहकरहून आणलेली पिशवी उचलून तिच्या बाजूनं गेली.

"मुबे, मले माहीत नव्हतं वं का तू तक्रार..."

"तुह्या पोटावर पाय नको म्हून सांगितलं नव्हतं," मुबीना म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी नीट, पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाली, "येते पंचफुलाबाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं पंचफुलाला वाटलं.

महिन्याभरात क्रशरच्या गेटवर एक मोठा फलक लागला. वर लिहिलं होतं, 'पारदर्शकता हेच आमचे धोरण'. खाली हवेतली धूळ किती, पाणी किती, झाडं किती, सगळे आकडे मर्यादेत. आणि मधोमध फोटो. अर्पिता मॅडमच्या पांढऱ्या मोज्यात तुतीचं चकाकणारं पान, आणि त्यांच्या मागं हिरव्या टोपीतली पंचफुला. मुबीना फोटोत नव्हती.

"मावशी, तुम्ही तर मुंबईच्या ऑफिसच्या पुस्तकात पण छापून आलात," प्रज्वल म्हणाला. "बघा, किती छान आलाय फोटो."

क्रशर पुन्हा सुरू झाला होता. दोन-चार दिवसांत फलकावर राखुंडी थर बसला. आकडे दिसेनासे झाले, पान दिसेनासं झालं. तेव्हा पंचफुलाच्या कामात आणखी एक काम आलं. फलक पुसायचा. ती ओलं फडकं फिरवायची आणि भुकटीखालून आधी मोजा निघायचा, मग पान, मग आपलं तोंड. ती तोंडाकडं न पाहता पुसायची. पहिल्यांदाच तिच्या हातून काम अर्धवट व्हायला लागलं.

त्या पौर्णिमेला विहारात ती पंचशील सांगायला बसली. पहिली तीन शीलं नेहमीसारखी खणखणीत म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं तिचा आवाज बसला. मागच्या बायकांना वाटलं ठसका लागला, त्यांनी ते शील आपणच म्हटलं आणि पुढं गेल्या. पंचफुला पाचव्याला पुन्हा सामील झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या पौर्णिमेलाही तिनं तसाच ठसका आणला, आणि मग तिला कळलं की आपण आता विहारातही खोटं वागतो आहोत. तिसऱ्या पौर्णिमेला ती गेली नाही. पाय दुखतो असा निरोप धाडला.

ईदला डबा आला. दरवर्षी मुबीना स्वतः यायची, ओट्यावर बसायची, शीरखुर्म्यात काजू कमी का ते सांगायची. यंदा बद्रुद्दीन गाडीवरून देऊन गेला. "पंचफुलाबाईले द्या म्हणे," एवढंच म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंनुसं झाल्यासारखी मान खाली गेली. पंचफुलानं डब्यात गूळ-शेंगदाणे भरून तो परत धाडला. भीमजयंतीला तिनं नेहमीपेक्षा जास्त तूप घालून लाडू केले आणि आपला नेहमीचा डबा भरून दिला.

डबा दुसऱ्या दिवशी परत आला. तिनं झाकण उघडलं. आत साखर नव्हती, शेंगा नव्हत्या, काही नव्हतं. डबा आतून धुतलेला होता, बाहेरून धुतलेला होता, बूडसुद्धा घासलेलं. तो रिकामा डबा मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली. धम्मशीलाचा फोन आला, तोही तिनं उचलला नाही.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. कंपनीला टेकडीचा उरलेला भागही हवा होता, त्यासाठी गावाची संमती हा पहिलाच विषय. प्रज्वलनं फोटोंचा तक्ता उभा केला. त्यात तेच पान होतं. किसनराव म्हणाले, "मंग हात वर करा भाऊ."

पंचफुला उठली. हिरवी टोपी ती घरी ठेवून आली होती.

"ते पानं म्या धुतली होती," ती म्हणाली.

गोंगाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा, वंदना सांगायच्या आवाजात म्हटलं, "मुबीनाची तुती मॅडम यायच्या आदल्या दिवशी म्या धुतली. टँकर कंपनीचा होता. पानावर धूळ होती. मॅडमनी इचारलं तवा मी खोटं बोलली."

मग प्रज्वल समजुतीनं म्हणाला, "मावशी, तुम्ही मदतच केली होती. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही."

मागून एक म्हातारा बोलला, "तवा तोंडात काय गिट्टी भरली होती का वं? तवा काऊन नाही बोलली?" थोडी माणसं हसली. पंचफुलानं मागं वळून पाहिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं होतं, पण ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

"बसा बाई," किसनराव म्हणाले. "ते आपण ऐनवेळच्या विषयात घेऊ."

हात वर झाले. पंचफुलाचा झाला नाही, अन्नपूर्णाबाईचा अर्धा वर जाऊन खाली आला. बायकांच्या रांगेच्या टोकाला मुबीना बसली होती. तिचाही झाला नाही. पण विषय मंजूर झाला. मुबीनानं तुती केव्हाच उपटून टाकली होती. त्या वावरात आता नांगरलेली ढेकळं होती, शेडचे पत्रे काढून विकले होते.

बाहेर निघताना दोघी दारात एकाच वेळी आल्या. पंचफुलानं तोंड उघडलं, पण मुबे म्हणायचं धाडस झालं नाही, आणि मुबीनाबाई म्हणवलं नाही.

मुबीनाच बोलली, समोर पाहत. "खालच्या अंगानं बी धुतली होती तू. एकूण एक पान."

"हाव," पंचफुला म्हणाली.

"मले तवाच समजलं का तूच अशीन. दुसरी कोणी असती तर वरूनच पाणी मारून गेली असती. खालून तरी धूळ घावली असती मॅडमले."

एवढं बोलून ती ऊन डोक्यावर घेत निघाली. वळणावर चिंचेआड दिसेनाशी होईपर्यंत पंचफुला पाहत होती. मग ती वऱ्हांड्याच्या पायरीशी खाली वाकून चपला शोधायला लागली, आणि अन्नपूर्णाबाईनं सांगेपर्यंत तिला कळलं नाही की त्या तिच्या पायातच आहेत.